पहिल्या भागाला लाल टॅग

सुमनताईंनी नोकरीत असताना एकही पार्ट डोळे झाकून पास केला नाही, आणि निवृत्त झाल्यावर एकही पुस्तक. चाकणला गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत त्या क्वालिटी इन्स्पेक्टर होत्या. त्यांच्या हातात मायक्रोमीटर आला की भलेभले सुपरवायझर गुपचूप बाजूला उभे राहत. "ताई, एवढ्याशा फरकानं काय होतंय?" असं एकदा एकानं विचारलं. "तुमच्या लेकीच्या गाडीत हाच गिअर बसवूया का?" असं म्हणून ताईंनी त्याची बोलती बंद केली. माणूस चांगला होता, पण नंतर जेवणाच्या सुट्टीत तो ताईंच्या टेबलापासून चार हात लांबच बसायचा.

निवृत्तीनंतर चिखलीतल्या त्यांच्या सोसायटीची लायब्ररी ताईंकडे आली. लायब्ररी म्हणजे क्लबहाउसातली दोन लोखंडी कपाटं आणि एक पंखा, जो फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. कमिटीनं चाव्या मोठ्या आनंदानं दिल्या. बाई कमिटीच्या मागे लागण्यापेक्षा पुस्तकांच्या मागे लागलेल्या बऱ्या, असा त्यांचा साधा हिशेब होता. ताईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की लायब्ररी गुरुवारी उघडेल. इकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि ज्यांना रविवारी सुट्टी असते त्यांना रविवारी मॉल असतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मंडळी वाचायची काय, तर रहस्यकथा. पण अंगावर येणाऱ्या नव्हेत. गोड रहस्यकथा, असं नाव ताईंनीच ठेवलं होतं. त्यात खून होतो, पण पडद्याआड. रक्तापेक्षा पोह्यांचं वर्णन जास्त असतं. शोध लावते ती गल्लीतलीच एखादी चौकस बाई, आणि शेवटी खुनी सापडला की सगळे मिळून चहा घेतात. दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहून आलेल्या माणसाला असं काहीतरी लागतं. या सगळ्यांत सर्वांची लाडकी मालिका होती कस्तुरा मावशीची. कस्तुरा मावशी एका लहानशा गावात लोणच्या-पापडाचं दुकान चालवते आणि बरण्या पुसता पुसता भल्याभल्यांचं बिंग फोडते. तिचे भाग मिळवण्यासाठी गुरुवारी लोक चपला घालायचं विसरून धावत येत.

कुठलीही नवी मालिका कपाटात यायची तर तिला ताईंच्या टेबलावरून जावं लागे. नियम कंपनीतलाच होता. नव्या लॉटचा पहिला पीस तपासायचा. तो पास झाला तर मशीन चालू, नापास झाला तर बंद. तसंच ताई मालिकेचा पहिला भाग वाचत आणि त्याला दोऱ्यानं टॅग बांधत. हिरवा म्हणजे पुढचे सगळे भाग मागवा. लाल म्हणजे मालिकेला राम राम. कारखान्यात पिवळाही टॅग असतो, पण तो ताईंनी ठेवलाच नव्हता. पिवळा टॅग म्हणजे ठरवायची हिंमत नसणं, असं त्यांचं मत होतं. टॅगचा फोटो सोसायट्यांच्या लायब्ऱ्यांच्या ग्रुपवर जाई, आणि मोशीपासून निगडी प्राधिकरणापर्यंतच्या लायब्ऱ्या तो डोळे मिटून मानत.

अपवाद फक्त कस्तुरा मावशीचा. कुणीतरी घर बदलताना दान दिली म्हणून ती आली, तीच चौथ्या भागापासून. पहिला भाग कुठेच मिळत नव्हता. प्रकाशकाचं दुकान कधीच बंद झालं होतं. निगडीहून बसनं येणाऱ्या निवृत्त शिक्षिका मृदुलाबाई पिंपरी कॅम्पातली एकेक रद्दीची दुकानं पालथी घालत होत्या. तोवर ताईंनी मावशीला विश्वासावर हिरवा टॅग बांधून टाकला होता.

अशात एका रविवारी सकाळी स्वरूपानं, त्यांच्या सुनेनं, चहाच्या कपाशेजारी एक कोरं करकरीत पुस्तक ठेवलं.

"आई, हे माझं," ती म्हणाली.

स्वरूपा चिंचवडला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काहीतरी लिहीत बसते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काय लिहिते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारल्याबद्दल ती मनातून आभारीच होती. पुस्तकावर नाव होतं 'टाकीवरचा दिवा', आणि खाली बारीक अक्षरात, 'अंबुबाईंच्या तपासकथा, भाग पहिला'.

"प्रकाशक लहान आहेत," स्वरूपा म्हणाली. "दुसरा भाग काढायचा की नाही हे लायब्ऱ्यांच्या मागणीवर ठरणार म्हणाले. म्हणजे खरं सांगायचं तर तुमच्या टॅगवर."

"मग मला कशाला देतेस? घरच्या मालाला घरचा इन्स्पेक्टर लावत नाहीत."

"मला सूट नकोय, आई. इतरांना जसं तपासता तसंच तपासा. तुम्ही चांगलं म्हणालात तर मला ते खरं वाटेल. बाकी कुणाचं वाटणार नाही."

निरंजन, ताईंचा मुलगा, पेपरामागून म्हणाला, "आई, जरा सांभाळून हं."

"तू पेपर वाच," ताई म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक दोन दुपारींत संपवलं. अंबुबाई ही चिखलीत एकटी राहणारी निवृत्त इन्स्पेक्टर. चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधणारी. भाजीवाल्याच्या वजनकाट्याला हात लावून बघणारी. लग्नाच्या पंगतीतही ताटाची कड सरळ आहे का ते पाहणारी. ताईंनी पहिल्या दहा पानांतच ओळखलं की ही बाई कोण आहे. कान गरम झाले. मग पुढे एका ठिकाणी त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं.

पण पुस्तक तपासायचं होतं. सोसायटीचा खजिनदार पाण्याच्या टाकीवरून पडून मरतो, आणि खुनी चौथ्या प्रकरणातच कळतो. गोड रहस्यकथेत जो माणूस दर वेळी चहाला नको म्हणतो तो निर्दोष असूच शकत नाही, आणि स्वरूपाचा माणूस चारदा नको म्हणाला होता. तिसऱ्या प्रकरणात जिन्यात एक ओली छत्री सापडते, ती पुढे कुणाचीच निघत नाही. शेवटच्या प्रकरणात अंबुबाई सगळ्यांना बसवून एवढं लांबलचक समजावते की खुनीसुद्धा जांभया देत असेल. ताईंनी मनाला विचारलं, तुला चिमटा बसला म्हणून तर तू कडक होत नाहीयेस ना? मनानं ठाम नाही म्हटलं. मनाचं माप बरोबर आहे का, हे कुणाकडून तपासून घ्यायचं, हा प्रश्न त्यांना त्या वेळी पडला नाही.

गुरुवारी त्यांनी पुस्तकाला लाल टॅग बांधला आणि ग्रुपवर फोटो टाकला. 

संध्याकाळी स्वरूपानं फोनवर फोटो पाहिला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "खुनी लवकर कळतोय असं मलाही वाटत होतं." रडली नाही, भांडली नाही. ताईंना भांडण चाललं असतं. भांडणाचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. पुढच्या रविवारी ती टेबलाशी बसली नाही. तिनं स्वयंपाकघरातले डबे घासायला काढले. त्याच्या पुढच्या रविवारी पंखे पुसले. निरंजननं विचारलं तर म्हणाली, "प्रकाशकांचा फोन आला होता. मागणी नाही, तर दुसरा भाग नको म्हणाले. बरंच झालं, घर साफ होतंय."

घर आरशासारखं लख्ख झालं आणि ताईंना ते बघवेना. नियम म्हणजे नियम, असं त्या स्वतःला दिवसातून अनेकदा सांगत. जी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते ती आपल्याला पुरती पटलेली नाही, हे कळायला त्या काही लहान नव्हत्या.

अशा वेळी मृदुलाबाई एका गुरुवारी दारातूनच ओरडत आल्या. "मिळाला! सुमनताई, मिळाला!" पिंपरी कॅम्पात शालेय गाइडांच्या ढिगाखाली त्यांना कस्तुरा मावशीचा पहिला भाग सापडला होता. वरचं कव्हर नव्हतं, कडा उंदरानं कुरतडल्या होत्या. तरी मंडळींनी तो हातोहात असा फिरवला की जणू घरात बाळ आलंय. पहिला वाचायचा मान अर्थातच ताईंचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चिवड्याची वाटी घेऊन पुस्तकाला बसल्या. थोड्या वेळानं वाटी बाजूला ठेवली. मग चष्मा काढून पुसला, चष्म्यात काही दोष असेल म्हणून. दोष चष्म्यात नव्हता. ही कस्तुरा मावशी गिऱ्हाइकांवर खेकसते, शेजारणीच्या पाठीमागे तिची चुगली करते, आणि खुनी सापडतो तो केवळ तो स्वतःहून दुकानात येऊन कबूल करतो म्हणून. आणि कहर म्हणजे, दुसऱ्या प्रकरणात जो सावकार मेला, तो सातव्या प्रकरणात सहज येऊन लिंबाचं लोणचं घेऊन जातो. लेखिकेच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि छापणाऱ्याच्याही नाही.

ताईंनी पुस्तक मिटलं. स्वरूपाच्या पुस्तकात निदान मेलेला माणूस मेलेलाच राहिला होता.

 हा भाग आधी हातात आला असता तर आपण काय केलं असतं? लाल टॅग. ग्रुपवर फोटो. मग चौथा भाग नाही, जत्रेतल्या चोरीचा सातवा नाही, ज्यानं लायब्ररीत येणाऱ्या मारुतरावांना बायको गेल्यानंतर पहिल्यांदा हसवलं तो अकरावा भाग नाही. इतक्या माणसांचे इतके गुरुवार आपण एका दोऱ्यानं बांधून टाकले असते. आणि तेही छाती पुढे काढून.

आणि मग त्यांना आपली चूक नेमकी दिसली. कारखान्यात एवढी वर्षं काढलेल्या बाईनं करू नये अशी चूक होती ती. मशीनवर नवीन काम चढवलं की मशीन जुळवणारा सेटर आधी दोन-तीन पीस काढतो. ते सेटिंगचे पीस. ते वाकडेच निघतात, निघणारच. त्यांच्यावरून टूल किती सरकवायचं ते कळतं. इन्स्पेक्टर ते मोजतो, सेटरला सांगतो, इकडे इतकं जास्त, तिकडे इतकं कमी. सेटर जुळवतो, आणि त्यानंतर जो निघतो तो पहिला पीस. सेटिंगचा पीस बघून मशीन बंद करणारा इन्स्पेक्टर अख्ख्या चाकणमध्ये सापडणार नाही. सुमनताईंनी मात्र बरोबर तेच केलं होतं, आणि किती सरकवायचं तेही सांगितलं नव्हतं.

ताईंचा स्वभाव असा की चूक दिसली की ती पोटात ठेवून कुढत बसायचं त्यांना जमत नाही. त्यांनी संध्याकाळी स्वरूपाला सांगितलं, "येत्या गुरुवारी अर्धा दिवस रजा टाक. लायब्ररीत ये."

"कशाला, आई?"

"मला तू तिथे हवी आहेस."

स्वरूपा आली. दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून बसली, लगेच उठता यावं अशी. ताईंनी जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक हातात घेतलं. "आज एक पहिला भाग वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "कुणाचा ते सांगणार नाही. टॅग तुम्ही ठरवायचा."

त्यांनी आधी दुसऱ्या प्रकरणातलं सावकाराचं मरण वाचलं, मग सातवं प्रकरण. कस्तुरा मावशी असं जिथे होतं तिथे नुसतं 'बाई' म्हटलं. आपली मावशी अशी खेकसेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे लोणच्यावरूनही कुणी ओळखलं नाही. सावकार आला, लोणचं घेतलं, पिशवी हलवत गेला.

मारुतरावांना राहवेना. मावळातल्या गावचे, ताईंच्याच कंपनीत सेटर म्हणून निवृत्त झालेले. "ताई, ह्यो तर मघाशी मेला व्हता न्हवं? मेलेला मानूस लोनचं घ्याया आला व्हय?"

हशा पिकला. "लाल!" कुणीतरी ओरडलं. "लाल, लाल!" मागून अजून दोघे-तिघे. मृदुलाबाईंना मात्र पुस्तक ठाऊक होतं. त्यांनी ताईंच्या सांगण्यावरून तोंडावर पदर धरला होता. मग हळूहळू एकेकाची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे वळू लागली. सूनबाईंचं पुस्तक नापास झालंय हे ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलं होतं. हसू विरलं. पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली.

"न्हाई म्हंजी," मारुतराव मान खाजवत म्हणाले, "तसं वाईट न्हाई. मानूस चुकून येऊ शकतो की. सूनबाई, मी आपलं गमतीनं बोललो."

"ते माझं नाहीये, काका," स्वरूपा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज सरळ होता.

"तिचं नाहीच," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी वर्तमानपत्र काढलं. "हा कस्तुरा मावशीचा पहिला भाग आहे."

 मारुतरावांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि आपल्या घरच्या माणसाबद्दल भलतंसलतं ऐकल्यासारखे हिरमुसले. "आपली मावशी?" एवढंच ते म्हणाले.

"आपलीच. आत्ता तुम्ही तिला लाल दिलात. मी असते तर मीही दिला असता." ताई उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. मी पहिल्या भागाला पहिला पीस समजत होते. तो सेटिंगचा पीस असतो. मारुतराव, सेटिंगच्या पीसवर कधी मशीन बंद केलंत?"

"कसं करनार ताई? मग काम कवा व्हायचं?"

ताईंनी कपाटातून 'टाकीवरचा दिवा' काढलं आणि सगळ्यांसमोर लाल टॅगचा दोरा कात्रीनं कापला. "खुनी चौथ्या प्रकरणातच कळतो, हे मी मागे घेत नाही," त्या म्हणाल्या. "छत्रीचंही मागे घेत नाही. पण ती अंबुबाई जिवंत आहे. मी तिला रस्त्यात ओळखेन. आणि अशी बाई लिहिणाऱ्या पोरीची मालिका मी पहिल्या भागावर थांबवली. आपल्या लायब्ररीला दुसरा भाग हवाय असं मी प्रकाशकांना कळवणार आहे. अजून कुणाला हवाय?"

मारुतरावांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. चुकीची भरपाई करायची होती बिचाऱ्यांना. मग बाकीचे हात वर झाले. ताईंनी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर संदेश टाकला, आणि निगडीची लायब्ररी, मोशीची लायब्ररी, एकेकीचं 'आम्हालाही' येऊ लागलं. ताईंना फार बरं वाटलं. दिवसाचं काम चोख झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात त्यांनी दाराकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

स्वरूपा त्यांना लिफ्टपाशी सापडली. ती चिडली होती. इतकी चिडलेली ताईंनी तिला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी पाहिलं नव्हतं.

"मला विचारलंत तुम्ही?" ती म्हणाली. "सगळे माझ्याकडे वळून बघत होते. लाल टॅगही तुमच्या मनानं आणि काढलाही तुमच्याच मनानं. दुसरा भाग लिहीन असं मी कधी म्हटलं? लिहायचं मी सोडलंय, आई. डबे घासताना निदान कुणी माप घेत नाही."

 कंपनीत असताना समोरच्याला गप्प करायची शंभर वाक्यं ताईंना येत होती. त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं.

"विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं. ती माणसं वळून बघतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही." लिफ्ट आली, दार उघडलं, दोघींपैकी कुणीच आत गेलं नाही, आणि दार पुन्हा मिटलं. "पण लायब्ररीचं सोड. प्रकाशकांचंही सोड. दुसरा भाग मला हवाय. मला एकटीला. तू मला वाचलंस तसं मला आजवर कुणी वाचलं नाही, स्वरूपा. ना निरंजनच्या बाबांनी, ना निरंजननं. लाल टॅग बांधला तेव्हा हे तुला सांगायचं राहिलं. तेच आधी सांगायला पाहिजे होतं."

 स्वरूपा पर्सच्या पट्ट्याशी बोटं खेळवत उभी राहिली. ताईंनी मग त्यांना पहिल्या वाचनापासून सलणारी गोष्ट विचारून टाकली, जी कुठल्याही टॅगवर लिहिण्यासारखी नव्हती.

"त्या अंबुबाईला तू एकटी का ठेवलंस? मुलगा दिलास, तोही परगावी पाठवलास. घरात एक सून का नाही दिलीस तिला?"

"ती दुसऱ्या भागात येणार होती," स्वरूपा म्हणाली.

ताईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "कशी आहे ती?"

"अजून पक्की ठरली नाहीये. पण पहिल्या भेटीत दोघींचं अजिबात पटत नाही. सून साखर कमी घालून चहा करते आणि अंबुबाई तो सगळ्यांसमोर परत पाठवते."

"मी परत पाठवला नव्हता! अर्धा प्यायले होते."

"अर्धा प्यायला होतात," स्वरूपा म्हणाली, आणि कितीतरी रविवारांनंतर ती हसली. "बरं, गोष्टीत 'अर्धा प्यायला' असं घेते मी."

"पण मग पुढे? त्या दोघींचं जमतं की नाही?"

स्वरूपानं लिफ्टचं बटण दाबलं. "ते मलाही अजून माहीत नाही, आई. चला वर. लिहायला बसल्याशिवाय कळणार नाही."